विश्लेषण : गरोदरपणात वजन किती वाढावे? प्रोटीन किती लागते?

‘आता दोन जिवांची आहेस, दुप्पट खा’ आणि ‘फार खाऊ नकोस, बाळ मोठे झाले तर सिझर करावे लागेल’. गरोदर बाईला हे दोन्ही सल्ले एकाच आठवड्यात, कधी कधी एकाच घरात ऐकायला मिळतात. दोन्ही चुकीचे आहेत. दुप्पट खाण्याची गरज नसते आणि बाळ लहान राहावे म्हणून हात आखडता घेणे धोक्याचे असते. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजन असलेल्या बाळाला संसर्गाचा आणि वाढ खुंटण्याचा धोका जास्त असतो.

मुंबईच्या उपनगरांत अडचण वेगळ्याच ठिकाणी असते. बोरिवली किंवा मुलुंडहून लोकल पकडून कामाला जाणाऱ्या बाईचे पोट दिवसभर रिकामे नसते. सकाळी पोहे, डब्यात चपाती आणि बटाट्याची भाजी, चार वाजता चहा-खारी, रात्री वरण-भात असे तिचे खाणे चालू असते. पोट भरते, वजनही वाढते. पण प्रोटीन निम्मेच मिळते. ते कसे आणि त्यावर उपाय काय, हे समजून घेऊ.

वाढलेले वजन नेमके कशाचे असते?

सगळे वजन बाळाचे नसते आणि सगळी चरबीही नसते. साडेबारा किलो वजन वाढले, तर त्याचा हिशेब साधारण असा असतो : बाळ सव्वातीन किलोच्या आसपास, वार सुमारे ६५० ग्रॅम, गर्भजल ८०० ग्रॅम, वाढलेले गर्भाशय ९०० ग्रॅम, स्तनांची वाढ ४०० ग्रॅम, वाढलेले रक्त सव्वा किलो आणि शरीरातले जास्तीचे पाणी पावणेदोन किलो. उरलेली तीन-सव्वातीन किलो चरबी म्हणजे पुढे अंगावर पाजण्यासाठी शरीराने केलेली साठवण. यातल्या बाळ, वार, गर्भाशय आणि रक्त या सगळ्यांच्या बांधणीला प्रोटीन लागते.

किती वजन वाढणे योग्य?

सगळ्यांना लागू होईल असा एकच आकडा नाही. गरोदर राहण्यापूर्वी वजन किती होते, त्यावर तो ठरतो. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये ठरवलेले निकष जगभरात वापरले जातात. ते बीएमआयवर, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन किती यावर आधारलेले आहेत. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईसाठी त्यांचा अर्थ असा होतो :

- आधीचे वजन साडेचव्वेचाळीस किलोपेक्षा कमी (बीएमआय १८.५ च्या खाली) : १२.५ ते १८ किलो वाढ
- साडेचव्वेचाळीस ते ६० किलो : ११.५ ते १६ किलो
- ६० ते ७२ किलो : ७ ते ११.५ किलो
- ७२ किलोपेक्षा जास्त : ५ ते ९ किलो

जुळे असेल तर आकडे वेगळे असतात. शिवाय भारतीयांमध्ये मधुमेहाची प्रवृत्ती जास्त असल्याने इथे अनेक डॉक्टर बीएमआय २५ ऐवजी २३ च्या पुढेच जास्त वजन मानतात.

भारतातील सरकारी मार्गदर्शक सूचना याहून साध्या आहेत. पूर्ण गरोदरपणात ९ ते ११ किलो आणि पहिल्या तीन महिन्यांनंतर दर महिन्याला साधारण दोन किलो वाढ व्हावी, असे त्या सांगतात. दुसरीकडे, नागपूरसह जगातल्या आठ शहरी भागांत ‘इंटरग्रोथ-२१’ हा अभ्यास झाला. त्यात सुरुवातीला वजन योग्य असलेल्या निरोगी स्त्रियांचे वजन ४० आठवड्यांपर्यंत सरासरी १३.७ किलोने वाढले. म्हणून ९ ते ११ हा आकडा कमाल मर्यादा समजू नये. आपल्यासाठी कोणता टप्पा योग्य, हे पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना विचारून घ्यावे.

हा प्रश्न महाराष्ट्रात महत्त्वाचा का आहे, ते २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसते. राज्यातील २०.८ टक्के स्त्रियांचे वजन गरजेपेक्षा कमी होते, तर २३.४ टक्के स्त्रियांचे जास्त. म्हणजे एकाच इमारतीतल्या दोन गरोदर बायकांना दोन वेगळे सल्ले लागू शकतात. शेजारणीचे वजन १५ किलोने वाढले म्हणून आपलेही तितकेच वाढले पाहिजे असे नाही.

दर महिन्याला काय पाहावे?

पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो वाढ पुरेशी असते. उलट्यांमुळे थोडे वजन घटले तरी बहुतेक वेळा ते पुढे भरून निघते. मात्र पाणीही पोटात ठरत नसेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. चौथ्या महिन्यापासून वजन मध्यम असलेल्या स्त्रीचे आठवड्याला साधारण ४०० ग्रॅम, तर कमी वजनाच्या स्त्रीचे ५०० ग्रॅम वाढावे.

वाढीचा वेग महत्त्वाचा असतो. एका महिन्यात तीन किलोपेक्षा जास्त वजन वाढले, तर ते फक्त खाण्यामुळे असेलच असे नाही. रक्तदाब, साखर तपासावी लागते. जुळे आहे का हेही पाहावे लागते. सोबत चेहऱ्यावर किंवा हातांवर सूज, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी असे काही असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात जावे. वजन दोन महिने जागचे हलत नसेल, तर तेही आपणहून सांगावे.

प्रोटीन किती लागते?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये ठरवल्याप्रमाणे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला एरवी दिवसाला ४५.७ ग्रॅम प्रोटीन लागते. गरोदरपणात चौथ्या ते सहाव्या महिन्यात त्यात ९.५ ग्रॅमची आणि सातव्या महिन्यापासून २२ ग्रॅमची भर पडते. म्हणजे आधी रोज सुमारे ५५ आणि शेवटच्या तिमाहीत सुमारे ६८ ग्रॅम. कॅलरी मात्र दिवसाला साधारण ३५० च जास्त लागतात. खाणे दुप्पट करण्याची गरज का नाही, ते या दोन आकड्यांतून कळते : कॅलरी थोड्या वाढवायच्या, प्रोटीन जवळपास दीडपट करायचे.

पोट भरते, मग कमी कुठे पडते?

वर सांगितलेल्या नेहमीच्या दिवसाचा हिशेब मांडून पाहू. आकडे अंदाजे आहेत.

- सकाळचा चहा आणि दोन बिस्किटे : दीड ग्रॅम
- एक प्लेट पोहे : साडेचार ग्रॅम
- डब्यातल्या तीन चपात्या आणि बटाट्याची भाजी : ११ ग्रॅम
- चहा-खारी : २ ग्रॅम
- रात्री भात, पातळ वरण, एक चपाती, भाजी : १४ ग्रॅम

एकूण सुमारे ३३ ग्रॅम. शेवटच्या तिमाहीतली निम्मी गरजही यातून भागत नाही. आता याच दिवसात पाच-सहा बदल करू.

- सकाळी एक ग्लास दूध : साडेसहा ग्रॅम
- पोह्यांसोबत दोन पूर्ण उकडलेली अंडी : साडेबारा ग्रॅम
- डब्यात बटाट्याऐवजी मटकीची किंवा चवळीची उसळ : ७ ग्रॅम
- चार वाजता खारीऐवजी मूठभर फुटाणे : ६ ग्रॅम
- रात्री पातळ वरणाऐवजी घट्ट डाळ : ३ ग्रॅमची भर
- जेवणात वाटीभर दही : साडेचार ग्रॅम

काढून टाकलेली खारी आणि बटाट्याची भाजी वजा केली, तरी बेरीज ६९ ग्रॅमच्या आसपास जाते आणि कॅलरी सुमारे चारशेनेच वाढतात. यासाठी वेगळा स्वयंपाक लागत नाही. फुटाण्यांची पुडी पर्समध्ये राहते आणि अंधेरी-घाटकोपरच्या गर्दीत मेट्रो बदलतानाही खाता येते. दिवसाचे प्रोटीन एकदम रात्री खाण्यापेक्षा प्रत्येक खाण्यात थोडे-थोडे असावे. त्यामुळे पित्ताचा आणि जडपणाचा त्रासही कमी होतो.

अंडी-मासे न खाणाऱ्यांनी काय करावे?

घाटकोपर-मुलुंडमधल्या अनेक घरांत अंडेही येत नाही. तिथे दोन अंड्यांची जागा २५ ग्रॅम कोरडे सोया चंक्स (सुमारे १३ ग्रॅम) किंवा ५० ग्रॅम पनीर आणि थोडे शेंगदाणे घेऊ शकतात. ५० ग्रॅम पनीरमधून ९ ग्रॅम, तर ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम प्रोटीन मिळते. डाळ आणि भात किंवा चपाती आणि उसळ एकत्र खाल्ली, की धान्यातली प्रोटीनची उणीव कडधान्य भरून काढते.

मासे खाणाऱ्यांसाठी बांगडा उत्तम. १०० ग्रॅममधून सुमारे २० ग्रॅम प्रोटीन मिळते. मोरी मात्र गरोदरपणात टाळावी. ती शार्कच्या कुळातली असून अशा मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. अर्धकच्ची अंडी आणि न तापवलेले दूधही नको. मोड आलेली कडधान्ये कच्ची न खाता शिजवून खावीत.

उपवासाच्या दिवशी खरी गडबड होते. साबुदाण्यात प्रोटीन जवळपास नसतेच. खिचडीत जे असते ते दाण्याच्या कुटाचे. संकष्टी किंवा चतुर्थी सोडवत नसेल, तर वरीचा भात आणि दाण्याची आमटी, राजगिरा, दूध, दही घ्यावे आणि दिवसभर उपाशी राहू नये. मधुमेह असेल किंवा वजन कमी असेल, तर गरोदरपणात उपवास नकोच. डिंकाचे लाडू आणि नवव्या महिन्यातले जास्तीचे तूप यांचीही गोष्ट तशीच. एक मोठा चमचा तूप म्हणजे सुमारे १३५ कॅलरी, प्रोटीन शून्य.

प्रोटीन पावडर घ्यावी का?

गरोदर स्त्रियांसाठीच्या पावडरींच्या जाहिराती मोबाइलवर सतत दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या सूचनांमध्ये दोन गोष्टींत स्पष्ट फरक केला आहे. कुपोषण जास्त असलेल्या भागांत ऊर्जा आणि प्रोटीन यांचा समतोल असलेला पूरक आहार द्यावा, असे ती सांगते. मात्र बाळंतपणाचा परिणाम सुधारावा म्हणून अति-प्रोटीन पूरक देण्याची शिफारस ती करत नाही. या सावधगिरीमागे जुना अनुभव आहे. न्यूयॉर्कमधील एका चाचणीत अति-प्रोटीन पूरक घेणाऱ्या गटात खूप लवकर प्रसूती होण्याचे प्रमाण जास्त दिसले. तिचे निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यामुळे पावडर स्वतःच्या मनाने सुरू करू नये. जुळे असेल, वजन फार कमी असेल किंवा खाणेच जात नसेल, तर डॉक्टर ती देऊ शकतात. डबा विकत घेतलाच, तर मागच्या बाजूला एका चमच्यात प्रोटीन किती आणि साखर किती, ते आधी वाचावे. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी प्रोटीन वाढवण्यापूर्वी विचारणे आवश्यकच.

मुंबईतल्या अभ्यासातून काय कळले?

या विषयावरचा एक मोठा अभ्यास मुंबईतच झाला. ‘सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंज’ ही संस्था आणि इंग्लंडमधील साउदम्प्टनचे संशोधक यांनी २००६ पासून झोपडपट्ट्यांमधील ६,५१३ स्त्रियांना ‘सरस’ प्रकल्पात घेतले. एका गटाला हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांपासून केलेला खाऊ रोजच्या जेवणाशिवाय दिला गेला, दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. खाऊ गरोदर राहण्याआधीपासून प्रसूतीपर्यंत द्यायचा होता.

२०१४ मध्ये निष्कर्ष आले. सर्व स्त्रिया मिळून बाळांच्या वजनात ठोस फरक दिसला नाही. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केलेल्यांच्या बाळांचे वजन मात्र सरासरी ४८ ग्रॅमने जास्त होते. त्यातही सर्वात बारीक स्त्रियांना हा फायदा मिळाला नाही. त्यांच्याहून वजन बरे असलेल्यांना मिळाला. आणखी एक निष्कर्ष गरोदरपणातल्या मधुमेहाचा होता : बटाटा-कांद्याच्या गटात त्याचे प्रमाण १२.४ टक्के, पालेभाज्या-दुधाच्या गटात ७.३ टक्के.

याचा सरळ अर्थ असा की सातव्या महिन्यात अचानक दूध-अंडी सुरू करून सगळे भरून निघत नाही. मूल हवे असे ठरवले, तेव्हापासूनच ताट बदलायला हवे. आणि आई आधीपासूनच फार बारीक असेल, तर नुसता खाऊ पुरत नाही. तिचे स्वतःचे वजन आधी वाढायला हवे.

मदत कुठे मिळते?

- अंगणवाडी : नोंदणी केलेल्या गरोदर आणि स्तनदा मातांना पूरक आहार मिळतो. त्यातून रोज ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रोटीन मिळावे, असा निकष आहे. शेवटच्या तिमाहीतल्या वाढीव गरजेच्या जवळ जाणारा हा आकडा आहे. मात्र तो आहार घरात सगळ्यांत वाटला गेला, तर उपयोग होत नाही.
- दर महिन्याची ९ तारीख : प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात या दिवशी सरकारी केंद्रांवर मोफत तपासणी होते.
- पालिकेची प्रसूतिगृहे आणि रुग्णालये : विलेपार्ल्यातील कूपर, घाटकोपरचे राजावाडी यांसारख्या ठिकाणी नाव नोंदवता येते.
- प्रधानमंत्री मातृ वंदना योजना : पात्र स्त्रियांना पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये, दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार रुपये मिळतात.

लोह-फॉलिक अॅसिडच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, असे १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या कॅल्शियमच्या गोळीसोबत किंवा चहासोबत घेऊ नयेत. लोह नीट शोषले जात नाही.

पुढच्या तपासणीला काय विचाराल?

माता व बाल संरक्षण कार्डावर प्रत्येक भेटीत वजन लिहून घ्यावे आणि तीन प्रश्न विचारावेत. माझे सुरुवातीचे वजन पाहता एकूण किती वाढ अपेक्षित आहे? गेल्या महिन्यातली वाढ ठीक आहे का? साखरेची तपासणी झाली का, आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा कधी करायची? सोबत आदल्या दिवशी काय-काय खाल्ले, ते मोबाइलमध्ये टिपून न्यावे. ‘सगळे खाते’ या उत्तरापेक्षा ती यादी पाहून डॉक्टरांना नेमके काय कमी पडते ते लगेच सांगता येते.