चपळ अंग आणि जाणता डोळा

निसर्गानें दिलेल्या शरीरबळाची किंमत किती आणि मनुष्यानें स्वतः कमावलेल्या कौशल्याची किंमत किती, हा प्रश्न फार जुना आहे. आखाड्यांत, क्रीडांगणावर व शाळाशाळांच्या सामन्यांत तो दरवर्षीं नव्यानें उभा राहतो. अमेरिकेंतील बेसबॉल या खेळांत त्याचें एक बोधप्रद उत्तर सांपडतें. म्हणून त्या देशांतील तरुण खेळाडू थोरल्या संघांपर्यंत कसे पोंचतात, याची थोडी हकीगत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम खेळाचें स्वरूप पाहूं. क्रिकेटप्रमाणें येथेंही एकानें चेंडू टाकावयाचा व दुसऱ्यानें तो टोलवावयाचा असतो. परंतु येथें चेंडू जमिनीवर न आपटतां थेट येतो, आणि बॅट चपटी नसून गोल असते. टाकणारा ६० फूट ६ इंचांवर उभा असतो. त्यानें ताशीं ९० मैलांहून अधिक वेगानें टाकलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आंत फलंदाजापाशीं येतो. तेवढ्या अवधींत चेंडू सरळ येणार कीं वळणार, तो मारावा कीं सोडून द्यावा, हें ठरवून बॅट फिरवावी लागते. म्हणूनच दहा प्रयत्नांत तीन टोले साधणारा फलंदाज तेथें उत्तम गणला जातो.

सर्वांत वरच्या दर्जाचे संघ ३० आहेत. त्यांपैकीं २९ अमेरिकेंत व एक कॅनडांत आहे. १९६५ सालापासून दरवर्षीं शाळाकॉलेजांतील होतकरू मुलांची या संघांकडून पाळीपाळीनें निवड होते. परंतु क्वचित् अपवाद सोडल्यास निवडलेला मुलगा एकदम वर जात नाहीं. प्रत्येक थोरल्या संघाच्या हाताखालीं धाकटे संघ असतात. त्यांच्या चढत्या पायऱ्या त्यास एकेक करून ओलांडाव्या लागतात. या कामीं वर्षें जातात, आणि बहुतेकांचा प्रवास मधल्याच एखाद्या पायरीवर संपतो.

मुलांची निवड करणारे पारखी पांच गुण पाहतात: हमखास टोला साधणें, दूरवर टोलविणें, धांवणें, फेंकणें व झेलणें. यांतील धांवण्याचा वेग घड्याळ लावून एका दुपारीं मोजतां येतो. दंडाचें बळही दोनचार फेंकींत कळतें. परंतु पहिला गुण मोजण्याचें साधन कोणापाशींच नाहीं. तो शेंकडों सामने खेळल्यावरच दिसतो. पारख्यांचा हिशेब असा असतो कीं, वेग शिकवितां येत नाहीं, टोलवणें मात्र शिकवितां येईल. म्हणून चपळ मुलगा आधीं घ्यावा. हा हिशेब कधीं बरोबर येतो, कधीं साफ चुकतो.

वेगावरच भिस्त ठेवल्यास काय होतें, याचा प्रयोग ओकलंडच्या संघानें १९७४ सालीं केला. हर्ब वॉशिंग्टन नांवाचा नामांकित धांवपटू त्यांनीं केवळ दुसऱ्याच्या बदलीं धांवण्यासाठीं नेमला. दोन हंगामांत तो १०५ सामन्यांत उतरला. एकदांही त्यानें बॅट हातीं धरली नाहीं. परंतु केव्हां धांवावें व केव्हां थांबावें, हें पायांना कोण सांगणार? त्याच वर्षींच्या अंतिम सामन्यांच्या मालिकेंत ऐन मोक्याच्या वेळीं तो बेसपासून पुढें सरकलेला असतांना चेंडू टाकणाऱ्यानें त्यास बाद केलें.

जिम थॉर्प याची कथा याहून मोठ्या माणसाची आहे. १९१२ सालीं स्टॉकहोमच्या ऑलिंपिक सामन्यांत त्यानें दोन सुवर्णपदकें मिळविलीं. पुढील वर्षीं तो न्यूयॉर्कच्या थोरल्या संघांत शिरला. पण बेसबॉलमध्यें त्याची गणना मध्यम खेळाडूंतच राहिली. लक्षांत घेण्याजोगें असें कीं, त्याची सर्वांत चांगली फलंदाजी शेवटच्या, म्हणजे १९१९ च्या हंगामांत झाली. त्या वेळीं तो तिशी ओलांडून गेला होता. पाय थकूं लागतात तेव्हां कोठें डोळा जाणता होतो! बास्केटबॉलचा राजा मायकेल जॉर्डन यानेंही १९९४ सालीं धाकट्या संघांत १२७ सामने खेळून पाहिले. वेगाच्या जोरावर त्यानें ३० बेस चोरले. परंतु शंभर प्रयत्नांत जेमतेम २० टोले त्यास साधले.

आतां ज्यांस शरीर व कौशल्य दोन्ही लाभलीं, त्यांकडे वळूं. विली मेज १९५१ सालीं विसाव्या वर्षीं न्यूयॉर्कच्या संघांत आला. पहिल्या १२ प्रयत्नांत त्यास एकही टोला साधला नाहीं. त्यास रडूं कोसळलें, व मला धाकट्या संघांत परत पाठवा, अशी त्यानें विनवणी केली. लिओ ड्युरोशर या व्यवस्थापकानें, मी येथें असेपर्यंत तुझी जागा तुझीच, असें आश्वासन दिलें. त्याच हंगामाच्या शेवटीं मेज उत्कृष्ट नवा खेळाडू ठरला.

त्याच वर्षीं १९ वर्षांच्या मिकी मँटल यास त्याच्या संघानें खरोखरच खालीं धाडलें. तो निराश झाला. ओक्लाहोमांतील खाणींत राबणारे त्याचे वडील भेटीस आले, आणि खेळ सोडावयाचा असेल तर चल, माझ्याबरोबर खाणींत कामास लाग, असें त्यांनीं ऐकविलें. मुलगा शरमला, राहिला, आणि कांहीं आठवड्यांतच वर परतला. एकानें धीर दिला, दुसऱ्यानें कान उघडले. पण टिकून राहा, हा सांगावा दोघांचाही एकच होता.

आपल्या देशाचेंही एक उदाहरण आहे. उत्तर प्रदेशांतील रिंकू सिंग व दिनेश पटेल हे भालाफेंकीचे खेळाडू २००८ सालीं एका स्पर्धेंतून निवडले गेले. ज्यांनीं पूर्वीं बेसबॉल हातींही धरला नव्हता, ते पुढील वर्षीं पिट्सबर्गच्या धाकट्या संघांत सामने खेळले. थोरल्या संघांपर्यंत दोघांपैकीं कोणीही पोंचला नाहीं. भाल्यानें दंड तयार झाला होता; परंतु जें ज्ञान अमेरिकन मुलगा सातव्याआठव्या वर्षापासून साठवितो, तें विशींत एकदम कोठून आणावें? तरीही अनोळखी देशांत, अनोळखी खेळांत त्यांनीं केलेली मजल लहान नव्हे.

यावरून शरीरसंपत्ति निरुपयोगी आहे, असें कोणी समजूं नये. ती नसती तर यांपैकीं एकाहीकडे पारख्यांचें लक्ष गेलें नसतें. परंतु ती दारापर्यंत पोंचविते. आंत टिकण्यासाठीं चुकणें, पाहणें व पुन्हा उभें राहणें लागतें. शर्यतींत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यानें हें ध्यानांत ठेवावें. जो आज मागें आहे, त्यानेंही ध्यानांत ठेवावें. कारण डोळा व विवेक कमावण्याची वाट त्यासही मोकळी आहे. आणि पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मुलाची पहिली धांव पाहून त्याचें भविष्य ठरवूं नये, व पहिली हार पाहूनही ठरवूं नये.