घरच्या नियमांची पन्नास वर्षं

1974 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ बाजारात आला. तपकिरी खोक्यात तीन पातळ पुस्तिका, किंमत 10 डॉलर आणि पहिली छपाई हजार प्रतींची. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग उभा करतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतंय ते सांगतात, आणि जिथे निकालाची खात्री नाही तिथे फासे पडतात. पुस्तिकांत बऱ्याच गोष्टी अर्धवट होत्या. हे नियम म्हणजे निव्वळ मार्गदर्शन, हवे तसे बदला, अशी मुभा खुद्द लेखकांनीच दिली होती.

खेळ जन्मलाच मुळी घरच्या नियमांतून. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या 'चेनमेल' या 1971च्या युद्धखेळाचा आधार घेऊन मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसनने आपली 'ब्लॅकमूर' ही दुनिया चालवली. छापील नियम तोकडे पडले, तिथे त्याने स्वतःचे घातले. पुढे गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी मिळून त्याचाच नवा खेळ केला.

मग खेळणाऱ्यांनीही तेच केलं. 'थीफ' हे आज सगळ्यांच्या ओळखीचं पात्र पहिल्या खोक्यात नव्हतंच. कुलूप उघडणारा, सापळे निकामी करणारा हा गडी कॅलिफोर्नियात सांता मोनिकाच्या एका हॉबी-दुकानात खेळणाऱ्यांनी घडवला. गायगॅक्सच्या कानावर ही कल्पना गेली, त्याने स्वतःची आवृत्ती लिहिली आणि 1975च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत ती छापून आली. त्याच वर्षी लॉस एंजलिसमध्ये ली गोल्ड यांनी 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' सुरू केलं. वाचकांनी आपापली पानं पाठवायची आणि सगळ्यांची मिळून एक जुडी घरोघर जायची, अशी ही सोय. नवे मंत्र, नवे राक्षस, नियमांवरची भांडणं, सगळं त्यात असे.

लेखक आणि खेळणारे यांच्यातल्या ओढाताणीचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे वीस पैलूंच्या फाशावर पडणारे 20. एवढं दान पडलं तर घावही जबर बसायला हवा, असं खेळणाऱ्याला वाटणारच. 1975च्या 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' या खेळात 20 पडल्यास दुप्पट इजा होई. गायगॅक्सला मात्र हे मुळीच पसंत नव्हतं. 1979च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये त्याने या प्रथेवर कडक टीका केली. हीच सवलत राक्षसांना दिली तर खेळाडूंची पात्रं फार टिकणार नाहीत, असा त्याचा मुद्दा होता. मुद्दा हिशेबाला पक्का होता, पण 20 पडल्यावर होणाऱ्या जल्लोषापुढे त्याचं काही चाललं नाही. 1989च्या दुसऱ्या आवृत्तीत हा नियम ऐच्छिक म्हणून आला आणि 2000च्या तिसऱ्या आवृत्तीत मूळ नियमांत जाऊन बसला.

इंग्लंडमध्येही खेळणाऱ्याची कल्पना अशीच छापील खेळात गेली. चार्ल्स स्ट्रॉस या शाळकरी मुलाने घडवलेली 'गिथयांकी' ही लढवय्यी जमात 'व्हाइट ड्वार्फ' मासिकातून 1981च्या 'फींड फोलिओ' या राक्षससंग्रहात आली. स्ट्रॉस पुढे नावाजलेला विज्ञानकथालेखक झाला, आणि 'बाल्डर्स गेट 3' या 2023च्या व्हिडिओ गेममधलं लेझेल हे पात्र याच जमातीचं आहे.

पण घरी रचलेल्या अशा साहित्यावर हक्क कुणाचा, हा प्रश्न होताच. 1990च्या दशकात हा खेळ छापणाऱ्या 'टीएसआर' कंपनीने चाहत्यांच्या इंटरनेटवरच्या साहित्यावर बंधनं घालायचा प्रयत्न केला आणि त्यांचा रोष ओढवून घेतला. 1997मध्ये 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट'ने ती कंपनी विकत घेतली आणि 2000 साली 'ओपन गेम लायसन्स' हा परवाना आणून इतरांना या नियमांवर साहित्य रचायला दार उघडलं. 2016मध्ये 'डीएम्स गिल्ड' ही ऑनलाइन बाजारपेठ सुरू झाली. तिथे घरी लिहिलेलं साहित्य विकून निम्मी रक्कम लेखकाला मिळते. 2023च्या जानेवारीत 'ओपन गेम लायसन्स' बदलण्याचा मसुदा बाहेर फुटला, तेव्हा जगभरचे खेळाडू खवळले. महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचे पायाभूत नियम 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या खुल्या परवान्याखाली आणले.

'क्रिएटिव्ह कॉमन्स'चा हा परवाना आता मागे घेता येत नाही. मूळ श्रेय नमूद केलं की त्या नियमांवर कुणीही स्वतःचा खेळ रचू शकतो, विकू शकतो, आणि हवं तर मराठीतही आणू शकतो.