अजिनोमोटोचा बागुलबुवा

गोव्यातलं पेडणे माझं माहेर, डिचोली सासर. दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांत एक वाक्य ठरलेलं आहे. घरी नूडल्स केल्या की वाढणारी ताट पुढे सरकवते आणि म्हणते, "बिनधास्त खा हं, अजिनोमोटो घातलेला नाही!"

परवा शेजारच्या सुनेनेही हेच म्हटलं. मी तिच्या ओट्यापाशीच उभी होते, त्यामुळे कढईत काय काय पडलं ते सगळं पाहिलं होतं. चार माणसांच्या नूडल्सना सोया सॉसचे चार मोठे चमचे. वर बाटलीतला चिली सॉस, मसाल्याच्या दोन पुड्या आणि शेवटी "अळणी नको" म्हणून चिमूटभर मीठ. पोरं चवीनं खात होती. मी तिला विचारलं, "अगं, त्या सोया सॉसमध्ये काय असतं माहीत आहे का?" ती म्हणाली, "सोया." बरोबर. आणि सोयाबीन आंबवताना त्यातून जे मोकळं होतं, ते ग्लुटामेट. म्हणजे ज्याच्या नावानं ती घाबरते तेच. दारातून हाकललेला पाहुणा तिनं खिडकीतून आत घेतला होता.

अजिनोमोटो हे एका जपानी कंपनीचं आणि तिच्या मालाचं नाव. पदार्थाचं नाव मोनोसोडियम ग्लुटामेट, पाकिटावर 621 या क्रमांकाने छापलेलं असतं. 1908 साली टोकियोमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या कढातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी हे नाव दिलं. पुढच्याच वर्षी ते बाजारात आलं. आज ते उसाची मळी किंवा टॅपिओकासारखा पिष्टमय माल आंबवून बनतं. आंबवण्याचं काम जिवाणू करतात, जसं दह्यात करतात.

"पण ते केमिकल आहे ना?" हा पुढचा प्रश्न. मीठही केमिकलच आहे, बाई. प्रश्न असा विचारायचा की हे ग्लुटामेट आपल्या पानात आधीपासून आहे की नाही. पिकलेल्या टोमॅटोत ते आहे. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी डिचोली-सत्तरीच्या रस्त्याकडेला विकायला बसतात, तिच्यात आहे. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळी बेगमीच्या सामानात भरून ठेवलेल्या सुक्या गालम्याच्या (जवळ्याच्या) किसमुरीत तर भरपूर आहे. पाऊस कोसळत असताना ऊन ऊन भातावर किसमूर पडली की चार घास जास्त जातात, ते कशाच्या जोरावर? आईच्या दुधातही मोकळं ग्लुटामेट असतं. टोमॅटोतलं ग्लुटामेट आणि डबीतलं ग्लुटामेट यांत आपलं शरीर फरक करू शकत नाही, कारण रेणू एकच. पोटात गेलेल्यापैकी बहुतेक तर आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरून टाकतात. रक्तात फारच थोडं पोचतं.

मग हे विषाचं प्रकरण आलं कुठून? एका पत्रातून. 4 एप्रिल 1968 रोजी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये रॉबर्ट हो मॅन क्वोक या डॉक्टरांचं पत्र छापून आलं. अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांत जेवल्यावर आपल्या मानेमागे बधिरपणा येतो, अशक्तपणा वाटतो, धडधडतं, असं त्यांनी लिहिलं. कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. सोया सॉस असेल, स्वयंपाकातली दारू असेल, अजिनोमोटो असेल, नुसतं मीठही असेल, असे तर्क त्यांनी मांडले. यादीत चार संशयित होते, लोकांनी दोष एकाच्याच माथी मारला. पुढच्या वर्षी उंदरांवरचा एक प्रयोग गाजला. त्यात नुकत्या जन्मलेल्या पिल्लांच्या कातडीखाली प्रचंड मात्रा टोचली होती. नूडल्स कुणी टोचून घेत नाही.

त्यानंतर नीट तपासण्या झाल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नेमलेल्या शास्त्रज्ञांनी 1995 मध्ये अहवाल दिला. रिकाम्या पोटी तीन ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतल्यास काही जणांना डोकेदुखी, तोंडावर लाली, धडधड असा थोडा वेळ टिकणारा त्रास होऊ शकतो, असं त्यात आहे. घातलेला अजिनोमोटो एका माणसाच्या ताटात साधारणपणे अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी येतो, हेही तेच प्रशासन सांगतं. 2000 साली अमेरिकेत 130 जणांची चाचणी झाली. सगळे असे की, "आम्हाला अजिनोमोटो बाधतो" म्हणणारे. कुणाला खरा आणि कुणाला बनावट दिला हे ना देणाऱ्याला माहीत, ना घेणाऱ्याला. चाचणी पुन्हा पुन्हा केल्यावर त्रास सातत्याने दिसला नाही, आणि जेवणासोबत दिल्यावर तर नाहीच.

म्हणून मुठीमुठीनं घाला, असं मी म्हणत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2017 मध्ये सगळ्या घातलेल्या ग्लुटामेटांसाठी दिवसाला शरीराच्या किलोमागे 30 मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली. 60 किलोच्या माणसाला ती होते 1.8 ग्रॅम. आपल्याकडच्या नियमांत बारा महिन्यांखालच्या बाळांसाठी ते नको, अशी सूचना आहे. तीही पाळावी. बाळाला नूडल्स द्यायच्याच कशाला?

भीती भलत्याच गोष्टीची बाळगली जाते, हा धडा डिचोलीकरांना तर घरच्या अंगणात मिळाला होता. मावळिंग्याला नेस्लेचा कारखाना आहे, तिथे मॅगी बनते. 2015 मध्ये उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीच्या नमुन्यांवरून वादळ उठलं आणि 5 जूनला देशभर मॅगीवर बंदी आली. तेव्हा दोन आरोप होते. एक, शिसं मर्यादेपेक्षा जास्त, दशलक्ष भागांत 17.2 भाग, आणि मर्यादा होती 2.5. दुसरा, पाकिटावर "अजिनोमोटो घातलेला नाही" असं छापलं होतं आणि तपासणीत ग्लुटामेट सापडलं. भीतीदायक होता तो पहिला आरोप. दुसरा लेबलाचा वाद होता. घरोघरी मात्र चर्चा अजिनोमोटोची. पुढे गोव्यातून म्हैसूरच्या प्रयोगशाळेत गेलेले नमुने नियमांत बसले. 13 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द करून तीन प्रयोगशाळांत नवी तपासणी करायला लावली. तिथे शिसं मर्यादेत निघालं आणि डिचोलीतलं उत्पादन पुन्हा सुरू झालं. आज कुणालाही विचारा, "मॅगी का बंद झाली होती?" दहापैकी नऊ जण सांगतील, "अजिनोमोटो!"

म्हापशाचंही तेच झालं. 2024 च्या सुरुवातीला म्हापसा पालिकेने गोबी मंचुरियनच्या गाड्यांवर बंदी घातल्याची बातमी जगभर गेली. त्याआधी 2022 मध्ये वास्कोच्या दामोदर सप्ताहाच्या फेरीतही (जत्रेतही) या गाड्यांना लगाम घालण्याची सूचना गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाने मुरगाव पालिकेला केली होती. म्हापशाची कारणं होती कृत्रिम रंग आणि अस्वच्छता. मार्च 2024 मध्ये कर्नाटकाने गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली, कारण तिथल्या नमुन्यांत कापडाला लावायचा रोडामाइन-बी सापडला होता. पेडण्याच्या पुनवेच्या फेरीत लालभडक मंचुरियन दिसलं की भीती वाटायला हवी ती त्या लाल रंगाची. आपण मात्र गाडीवाल्याला विचारतो, "अजिनोमोटो घालतोस का रे?" तो "नाही" म्हणतो आणि आपण निश्चिंत मनानं तो रंग खातो.

आता शेजारच्या सुनेच्या कढईकडे परत येऊ. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण 900 मिलिग्रॅम सोडियम असतं. चार चमच्यांचं झालं 3,600, म्हणजे जवळजवळ नऊ ग्रॅम मीठ. चौघांत वाटलं तर प्रत्येकी सव्वादोन ग्रॅम, आणि त्यात पुड्यांचं आणि बाटलीचं मीठ अजून धरलेलंच नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. अजिनोमोटोत सोडियम सुमारे 12 टक्के, साध्या मिठात 39 टक्के. मीठ थोडं कमी करून चिमूटभर अजिनोमोटो घातला तर चव टिकते आणि सोडियम उतरतं. जे रक्तदाबाच्या गोळ्या खातात त्यांनी हे दोनदा वाचावं.

दुसरा गुन्हेगार शिळ्या ताटात लपलेला असतो. शिजलेला भात किंवा नूडल्स आपल्या दमट हवेत तासन्‌तास ओट्यावर राहिल्या की त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू विष तयार करतो. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात आणि घरचे म्हणतात, "बघ, अजिनोमोटो बाधला!" दोन तासांच्या आत नूडल्स फ्रीजमध्ये गेल्या असत्या तर बाधलं नसतं.

अजिनोमोटो बाजूला ठेवला, तरी नूडल्सबद्दल आणखी गैरसमज आहेत. आधी बीफचा. "बीफ तासभर शिजवावं लागतं, झटपट नूडल्समध्ये ते कसं चालेल?" आमच्या घरी बीफ शिजत नाही. पण हरमलच्या माझ्या मैत्रिणीच्या घरी रविवारी शिजतं, आणि तिच्या ओट्यापाशी उभी राहून मी हे पाहिलेलं आहे. तिनं पाव किलो अंडरकट, म्हणजे पाठीकडचं मऊ मांस, अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवलं होतं, मांस कडक झालं की पातळ कापता येतं म्हणून. सुरीनं धाग्याच्या आडव्या दिशेनं, साधारण तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या. "धाग्याच्या दिशेनं कापलंस तर दोरी चावल्यासारखं लागतं," ती म्हणाली. मग अर्धा छोटा चमचा खायचा सोडा चोळून पंधरा मिनिटं, नंतर धुऊन कोरडं, थोडा कॉर्नफ्लोअर. सोड्यानं मांसाचा पृष्ठभाग आम्लाच्या उलट बाजूला झुकतो, त्यामुळे तापल्यावर प्रथिनं आवळत नाहीत आणि पाणी आत टिकतं. जाड तळाची लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवून ती मांस दोन घाण्यांत परतते, प्रत्येक घाणा जेमतेम दोन मिनिटं. तासभर लागतो तो पायाच्या मांसाला, कारण त्यातली जोडऊती विरघळायला वेळ घेते. अंडरकटला तो लागत नाही. आणि सगळं मांस एकदम टाकलंत तर घरचा गॅस पुरत नाही, कढई थंड होते, पाणी सुटतं आणि परतण्याऐवजी उकडणं होतं. हॉटेलची चव घरी न येण्याचं खरं कारण हे आहे. त्याचं खापरही आपण अजिनोमोटोवर फोडतो.

कायद्याबद्दलही एक समज आहे की गोव्यात काहीही कापलेलं चालतं. तसं नाही. 1978 च्या कायद्याने गोव्यात गायीच्या कत्तलीवर बंदी आहे, आणि 1995 च्या कायद्यानुसार बैल, रेडा, म्हैस यांनाही प्रमाणपत्र लागतं. ज्यांच्या घरी बीफ चालत नाही त्यांनी कोंबडी, पनीर किंवा अळंबी वापरावी. पनीर आणि अळंबीला सोडा मात्र लावू नये.

उरलेले थोडक्यात.

नूडल्सवर मेणाचा थर असतो: नाही. झटपट नूडल्स बहुधा पाम तेलात तळून वाळवलेल्या असतात, ती चकाकी त्याची.

पहिलं पाणी फेकलंच पाहिजे: फेकलंत तर थोडं तेल आणि पीठ जातं, विष जात नाही, कारण तिथे विष नव्हतंच.

भाज्या कच्च्या ठेवल्या तरच सत्त्व राहतं: गाजरातलं बीटा-कॅरोटीन शिजवून, थोड्या तेलासोबत जास्त मिळतं. गाजर आणि फरसबी आधी, कोबी आणि ढब्बू मिरची शेवटी.

नॉनस्टिक कढईही तशीच धूर येईपर्यंत तापवावी: अजिबात नको. त्या कढईचा थर जास्त तापला की खराब होतो आणि त्यातून वाफा सुटतात. धूर येईपर्यंत तापवायची ती लोखंडी.

हे चिनी जेवण आहे: चीनमध्ये गोबी मंचुरियन मागून पाहा. हे जेवण कलकत्त्याच्या टांगरा या चिनी वस्तीतून आणि मुंबईच्या हॉटेलांतून आपल्याकडे आलं.

पुढच्या वेळी नूडल्स वाढताना "अजिनोमोटो नाही" हे वाक्य गिळून टाका. त्याऐवजी सांगा, "सोया सॉस दोनच चमचे घातलाय, रंग घातलेला नाही आणि आत्ताच केल्यात." मग मी दुसऱ्यांदाही वाढून घेईन.