अमेरिकेच्या ५० टक्के शुल्काचा फटका : टॉवेल कारखानदारांना कोणती मदत, कोणाला आणि कधीपर्यंत?

सोलापूर : अमेरिकेने २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं होतं. ७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के, असा हा बोजा चढला. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकार आणि रिझर्व्ह बँकेने निर्यातदारांसाठी लागोपाठ सवलती जाहीर केल्या. आकडे हजारो कोटींचे आहेत. पण अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत दहा-वीस माग चालवणाऱ्याच्या हाती त्यातलं काय लागणार, हे अनेकांना कळलेलं नव्हतं. काही सवलतींची मुदत तर ३१ डिसेंबर २०२५ लाच संपली.

फटका बसला कसा?

शुल्क अमेरिकेतला खरेदीदार भरतो, सोलापूरचा कारखानदार नाही. मग आपल्याला त्रास कशाचा, असं काहींना वाटतं. सुती टेरी टॉवेलवर अमेरिकेत आधीपासूनच ९.१ टक्के शुल्क होतं. त्यावर ५० टक्के चढल्याने १०० रुपयांच्या भारतीय टॉवेलवर जवळपास ५९ रुपये भरावे लागत होते. तेव्हा पाकिस्तानच्या मालावर जादा शुल्क १९ टक्के, बांगलादेशच्या २० आणि तुर्कस्तानच्या १५ टक्के होतं. म्हणजे त्यांच्या १०० रुपयांच्या टॉवेलवर एकूण शुल्क २४ ते २९ रुपयांच्या घरात राहत होतं.

मग खरेदीदार दोनच गोष्टी करतो. एक तर दर पाडून मागतो, नाही तर ऑर्डर दुसऱ्या देशाला देतो. निर्यातदाराची ऑर्डर थांबली की त्याला माल विणून देणाऱ्या यंत्रमागधारकाचा माग थांबतो आणि पाठोपाठ कामगाराचा आठवड्याचा पगार. शहराच्या पूर्व भागापासून ते एमआयडीसीत कामाला येणाऱ्या आसपासच्या खेड्यांपर्यंत ही साखळी पोचते.

हप्ते पुढे ढकलले, माफ झाले नाहीत

रिझर्व्ह बँकेने १४ नोव्हेंबरला दिलेल्या सवलतीनुसार, १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२५ या काळातले कर्जाचे हप्ते आणि खेळत्या भांडवलाचं व्याज बँका पुढे ढकलू शकत होत्या. यात ‘शकत होत्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सवलत आपोआप लागत नव्हती. प्रत्येक बँक आपल्या धोरणाप्रमाणे ठरवत होती, त्यामुळे शाखेत जाऊन विचारावं लागत होतं. ३१ ऑगस्ट २०२५ रोजी निर्यात कर्ज सुरू असलेलं आणि थकीत नसलेलं खातंच यात बसत होतं.

शिवाय या काळात व्याजाचं मीटर चालूच राहत होतं. व्याज सरळ लागत होतं, व्याजावर व्याज नाही, एवढाच दिलासा. समजा ५० लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी आहे. चार महिन्यांचं व्याज साधारण १ लाख ६७ हजार रुपये होतं. ते तेव्हा भरायचं नसलं तरी नंतर भरायचंच होतं.

दुसरी सवलत मुदतीची. निर्यात कर्जाची कमाल मुदत २७० दिवसांवरून ४५० दिवसांवर नेली गेली. नोव्हेंबर २०२५ च्या निर्णयानुसार ३१ मार्च २०२६ पर्यंत उचललेल्या कर्जाला ती लागू होती. परदेशातून पैसे आणण्याची मुदतही नऊ महिन्यांवरून १५ महिने झाली आहे. माल गोदामात अडकलेल्यांना याचा खरा उपयोग आहे.

२० टक्के जादा कर्ज, तारणाशिवाय

केंद्रीय मंत्रिमंडळाने १२ नोव्हेंबरला निर्यातदारांसाठी २० हजार कोटी रुपयांपर्यंतच्या जादा कर्जाची हमी योजना मंजूर केली. निर्यातीसाठी मंजूर खेळत्या भांडवलाच्या २० टक्क्यांपर्यंत वाढीव कर्ज तारणाशिवाय मिळू शकत होतं. एक कोटीची मर्यादा असेल तर वरचे २० लाख. जाहीर केलेली मुदत ३१ मार्च २०२६ होती.

करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, अशाच धर्तीची आपत्कालीन कर्ज योजना आली होती. तेव्हाचाच गैरसमज या वेळीही होता. सरकारची १०० टक्के हमी असते ती बँकेला. कर्जदाराला पैसे परत करावेच लागतात. ऑर्डर हातात असेल, किंवा नवीन खरेदीदार नक्की असेल, तरच हे कर्ज कामाचं. तोटा भरून काढायला ते घेतलं तर अडचण फक्त सहा महिने पुढे जाते.

थेट निर्यात न करणाऱ्यांचं काय?

खरी गोम इथे आहे. अनेक छोटे यंत्रमागधारक स्वतः निर्यात करत नाहीत. ते मोठ्या कारखानदाराला किंवा व्यापाऱ्याला माल देतात, काही जण नुसते मजुरीवर विणून देतात. त्यांच्या नावावर निर्यात कर्जच नाही. त्यामुळे वरच्या सवलती त्यांच्या दारापर्यंत आल्या नाहीत, फटका मात्र आला. ‘अमेरिकेचे पैसे आले की देतो’ असं सांगून त्यांचं बिल सगळ्यात आधी अडवलं जातं.

यांच्यासाठी कामाला येतो तो २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायदा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला त्या वर्षीच्या प्राप्तिकरात तो खर्चही दाखवता येत नाही. तक्रार ऑनलाइन करता येते.

अर्थात, रोजचा व्यवहार ज्याच्याशी आहे त्याच्याविरुद्ध तक्रार करायला कोणी सहजासहजी धजावत नाही. पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असेल तर निदान बोलणी करताना बाजू भक्कम होते. कच्च्या चिठ्ठीवर चालणाऱ्या व्यवहाराला हे संरक्षण मिळवणं अवघड आहे. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देण्याची गरज नाही.

निर्यात कर्ज नसलेल्यांना सूक्ष्म व लघु उद्योगांच्या नेहमीच्या पतहमी योजनेतूनही तारणाशिवाय कर्ज मागता येतं. १ एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटी रुपये आहे.

एकाच गिऱ्हाइकावर भिस्त नको

नोव्हेंबरमध्येच २५,०६० कोटी रुपयांचं निर्यात प्रोत्साहन अभियानही मंजूर झालं. ते २०३०-३१ पर्यंत चालेल. स्वस्त कर्जाबरोबर गुणवत्ता प्रमाणपत्रं, परदेशी प्रदर्शनं, ब्रँडिंग आणि वाहतूक यांसाठी त्यात मदत आहे. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या व्यापार करारात भारतीय कापडमालावरचं तिथलं शुल्क शून्य करण्याची तरतूद आहे. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, नवीन बाजारात ते दाखवता येतं. परदेशी खरेदीदार पैसे बुडवेल अशी भीती असेल तर ईसीजीसीचा निर्यात विमा आहे.

लक्षात ठेवायची कामं

- निर्यात कर्ज असेल तर शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.
- अर्जासोबत रद्द झालेल्या किंवा थांबलेल्या ऑर्डरचे ई-मेल, बिलं, साठ्याचा तपशील जोडावा.
- सुताच्या खरेदीचा दर ठरवताना लक्षात ठेवावं, की कापसावरची २०२५ मधली ११ टक्के आयात शुल्काची माफीही ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच होती.
- मजुरीवर विणणाऱ्यांनी उद्यम नोंदणी तपासावी आणि प्रत्येक बिलावर क्रमांक टाकावा.
- हप्ता थकण्याआधी बँकेत जावं. खातं थकीत झाल्यावर बहुतेक दारं बंद होतात.

शाखेत दाद लागली नाही तर जिल्हा अग्रणी बँक आणि जिल्हा उद्योग केंद्राकडे लेखी म्हणणं मांडता येतं.