जाळीचं वजन

दूध पिशव्यांत भरणारं नवं यंत्र एका बैठकीत ठरलं. गटार मात्र चार महिने अडून राहिलं होतं. सांगली जिल्ह्यातल्या एका मध्यम आकाराच्या डेअरीची ही हकीकत मामेभावाने जेवताना सांगितली तेव्हा मला हसू आलं. तो हसला नाही. अन्नप्रक्रियेचे कारखाने तपासणं हा त्याचा व्यवसाय. कोकणात मासळी आणि आंब्याचा पल्प, इकडे दूध, मसाले, बेदाणा, असा तो वर्षभर हिंडत असतो. "यंत्रं सगळे कौतुकाने दाखवतात," तो म्हणाला, "मी आधी खाली बघतो. येतेस का?"

गेले.

पनीरच्या खोलीत डोक्याला टोपी, पायात गमबूट घालून शिरलो. दूध तापवायचं, थोडं निवू द्यायचं, सायट्रिक आम्लाने फाडायचं, गाळून साच्यात दाबायचं आणि तयार लाद्या थंड पाण्यात सोडायच्या, काम एवढंच. पण शंभर लिटर दुधातून ऐंशी लिटरच्या आसपास निवळीच निघते. ती पाइपने टाकीत जाते असं मालकांनी दोनदा सांगितलं, आणि बरीचशी जातेही. साच्यांतून ठिबकणारी, गाड्यावरून सांडणारी, कापडं पिळताना उडणारी निवळी मात्र जमिनीवरच येते. ताज्या निवळीचा वास गोडसर असतो. खोलीच्या मधून जाणाऱ्या गटाराशी उभं राहिलं की तोच वास आंबून, जुना होऊन घशाशी येतो. नंतर ऑफिसात चहा घेताना, परतीच्या गाडीत, तो माझ्या ओढणीतून येत राहिला.

जमीन कोटा फरशीची. भावाने खिशातून स्टीलची जाड पट्टी काढली आणि वाकून फरशी ठोकत निघाला. टण्ण, टण्ण, टण्ण, आणि गटाराच्या कडेला एकदम भद्द. दुधातली साखर आंबली की लॅक्टिक आम्ल होतं, ते फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट खातं. उरलेलं काम रोजचं गरम पाणी करतं. सांध्यातून पाणी आत मुरतं, खाली पोकळी होते, आणि त्या पोकळीपर्यंत कुठलाही ब्रश पोचत नाही. "पंधरा वर्षं टिकलीये हो फरशी," मालक म्हणाले. "वरून टिकलीये," भाऊ म्हणाला, आणि पुढची फरशी ठोकू लागला.

अशा पोकळीत वस्तीला येणाऱ्यांत त्याला सगळ्यात धास्ती लिस्टेरियाची. पाश्चरीकरणात हा जिवाणू मरतो, म्हणून काळजी दुधाची कमी आणि दूध तापवून झाल्यानंतर ते जिथे फिरतं त्या जागेची जास्त. थंडीत बाकीचे बहुतेक जिवाणू मंदावतात. हा चार अंशांवर, म्हणजे शीतगृहातही, सावकाश वाढत राहतो. गटारात तो इतर जिवाणूंबरोबर चिकट थर धरून राहतो आणि त्या थराच्या आत जंतुनाशक नीट उतरत नाही. गरोदर बायका, नवजात बाळं आणि म्हातारी माणसं यांच्या तो जिवावर उठतो. २०११ साली अमेरिकेत कोलोराडोतल्या जेन्सन फार्म्सच्या खरबुजांमधून तो पसरला तेव्हा १४७ जण आजारी पडले आणि ३३ दगावले. तिथल्या एफडीएने पॅकिंगची शेड तपासली, तेव्हा दोष निघाले ते यंत्रांजवळ जमिनीवर साचणारं पाणी आणि सहज साफ न होणारी जमीन अशा, आपल्याकडे कुणी दोष म्हणणारही नाही, अशा गोष्टींचे.

गटारातलं पनीरवर चढणार कसं, असं मी विचारलं. उत्तर समोरच चाललं होतं. एक पोरगा प्रेशर पंपाची नळी थेट जाळीवर मारत होता, आणि गटारातून उठलेले बारीक तुषार कमरेएवढ्या उंचीवरच्या उघड्या साच्यांवर बसत होते. भावाने धावत जाऊन पंप बंद करवला. पोरगा बिचारा बावरला. त्याला स्वच्छता करायला सांगितलं होतं आणि तो ती मन लावून करत होता.

कायद्यात हे सगळं नाही असं नाही. एफएसएसएआयच्या २०११ च्या परवाना नियमांना चौथी अनुसूची जोडलेली आहे. जमिनीला ढाळ हवा आणि सांडपाणी अन्न तयार होण्याच्या उलट दिशेने वाहायला हवं, असं तीत लिहिलेलं आहे. म्हणजे इथे पाणी पॅकिंगकडून कच्च्या दुधाकडे जायला हवं. ते बरोबर उलटं, कच्च्या दुधाकडून पॅकिंगकडे जात होतं, कारण मागचा ओढा त्या बाजूला आहे. गटाराची दिशा ओढ्याने ठरवली होती आणि पनीरला कुणी विचारलं नव्हतं.

नवी खोली शेजारीच उभी राहत होती. गवंडीमामा पारदर्शक नळीत पाणी भरून या भिंतीवरून त्या भिंतीवर खुणा नेत होते. कोपऱ्यात लेसरचं यंत्र होतं, ते त्यांच्या पुतण्याचं. "मीटरला दीड सेंटी," ते म्हणाले. मी वहीत लिहून घेतेय म्हटल्यावर पुन्हा म्हणाले, "मीटरला दीड सेंटी. कमी क्येलं तर पानी बसंल, जास्ती क्येलं तर गाडा पळंल." ऐकायला किरकोळ वाटतं. भिंतीपासून गटार सहा मीटरवर असेल तर जमीन नऊ सेंटीमीटर उतरते, आणि तेवढी उंची जोत्यातच धरून ठेवावी लागते. खोली बांधून झाल्यावर ढाळ आठवला तर नऊ सेंटीमीटर आणायचे कुठून? मग माणसं ढाळ चोरतात, आणि पाणी यंत्राच्या पायाशी डबकं करून बसतं. ढाळ वाढवला तर भरलेला गाडा हातातून सुटतो आणि दिवसभर उभ्याने काम करणाऱ्याचा एक पाय कायम वर राहतो. मामांनी आदल्या दिवशी चार बादल्या ओतून पाणी कुठे रेंगाळतं ते पाहून ठेवलं होतं. तिथे खडूने गोल काढलेले होते.

आता राहिलं गटार कुठलं घ्यायचं ते. ऑफिसातल्या मोठ्या टेबलावर नमुने मांडले होते आणि विक्रेत्याचा इंजिनिअर तयारीने बसला होता. खरं सांगायचं तर टाय लावून गटाराबद्दल इतकं मनापासून बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला, आणि त्याचं बरंच म्हणणं पटण्यासारखं होतं. आतल्या कोपऱ्यांना काटकोन नको, किमान तीन मिलिमीटरची गोलाई हवी, म्हणजे ब्रशचा केस तिथे टेकतो. गटाराच्या तळालाही स्वतःचा उतार हवा. वेल्डिंगनंतर स्टील आम्लाच्या टाकीत पूर्ण बुडवून काढलेलं हवं, नाहीतर जोडावर गंज धरतो. पनीरला ३०४ जातीचं स्टील चालेल. मिठाचं पाणी आणि क्लोरीन जास्त असेल तिथे, म्हणजे मासळीला, लोणच्याला, मॉलिब्डेनम असलेलं ३१६. स्टीलची कड आणि जमीन मिळतात तो सांधा सगळ्यात नाजूक, कारण गरम पाण्याने दोन्ही वेगवेगळ्या मापाने फुगतात. म्हणून कड आतून भरीव हवी आणि वर पॉलियुरेथेन काँक्रीट. एपॉक्सी चकचकीत दिसतो, पण ऐंशी अंशांचं पाणी रोज पडलं की तडकून सुटतो.

मालकांचा जीव फटीच्या गटारावर जडला होता. वर जाळी नाही, जमिनीत नुसती गल्ल्यासारखी लांब फट. फोटोत फार देखणं दिसतं. स्वच्छ पाणी येतं त्या पॅकिंगच्या खोलीला ते योग्यही आहे. पनीरचे तुकडे पडतात तिथे मात्र त्या फटीतून आत गेलेलं काहीच दिसत नाही, आणि न दिसणारी घाण कारखान्यात नसल्यातच जमा होते. भावाचं मत स्पष्ट होतं: पनीरला जाळीचं उथळ पेटीगटार, टोकाला कचरा अडवणारी टोपली आणि हाताने उचलून धुता येईल असा ट्रॅप. ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी उभं राहतं, तेच खालची दुर्गंधी आणि झुरळं अडवतं. जिथे पाणी क्वचित पडतं तिथे ते आटून जातं आणि वाट मोकळी होते. म्हणून शीतगृहात गटारच नको, असं तो म्हणाला. इंजिनिअरच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा नाराजी दिसली.

दुपार अशीच गेली. पण त्या टेबलावर बसलेल्यांपैकी कुणी गटार साफ करत नव्हतं, मीही नाही. दुसरी पाळी संपताना मी पुन्हा जुन्या खोलीत गेले. तिथे सगळे ज्यांना नुसतं मावशी म्हणतात त्या कासोटा घट्ट करून गटाराशी उकिडव्या बसल्या होत्या. गटाराचा ब्रश काळा, बाकीचे रंगीत, आणि काळा दुसरीकडे न्यायचा नाही, हे त्यांना पाठ होतं. टोकाच्या खड्ड्यावरची छोटी जाळी उचलून त्यांनी हात घातला. हातमोजा कोपरापर्यंतचा, पण बोटांशी फाटलेला. बुळबुळीत पांढरट लगदा बाहेर आला, दोन ओंजळी, आणि तो वास असा उसळला की मी मागे सरले. मावशींचं तोंडसुद्धा वाकडं झालं नाही.

मग लांब गटारावरच्या जाळ्या. बिडाच्या, मीटर मीटर लांबीच्या. मावशींनी त्यांना हातही लावला नाही. वरून पाणी सोडलं, ब्रश जाळीच्या भोकांतून जेवढा जाईल तेवढा फिरवला.

"ह्या उचलत नाही?"

"येकटीला उचलाय येत न्हाई वो ताई. दोगी लागत्यात. सकाळच्याला दोगी असतो, सांजच्याला मी येकटीच." थोडं थांबून म्हणाल्या, "मागं येकदा पायावर पडलीया. तवापास्नं न्हाई."

आणि सकाळी दोघी असतात तेव्हा उत्पादन सुरू असतं, म्हणजे गटार उघडायची मनाईच. थोडक्यात, त्या जाळ्या कोणीच उचलत नाही. भिंतीवर लावलेल्या स्वच्छतेच्या तक्त्यात रोजच्या रोज बरोबरच्या खुणा आहेत, आणि त्या खोट्याही म्हणता येत नाहीत, कारण तक्त्यात "गटार धुणे" एवढंच लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी भावाने नव्या गटाराचं दरपत्रक मागून घेतलं. लांबी, रुंदी, स्टीलची जात, मिनिटाला किती लिटर वाहील, भारवर्ग, किंमत. भारवर्गात सगळ्या खोल्यांपुढे एकच नोंद: एम १२५. युरोपच्या मानकातला हा वर्ग १२५ किलोन्यूटनचा, म्हणजे ढोबळमानाने साडेबारा टनांचा. मालाच्या धक्क्यावर जिथे वाहनं येतात तिथे तो हवाच. पनीरच्या खोलीत हाताने ढकलायच्या गाड्याशिवाय काही फिरत नाही. तिथे दीड टनाचा एल १५ पुरेसा. "सगळीकडे एकच माल घेतला की भाव बरा पडतो," मॅनेजर म्हणाले. खोटं नाही ते. पण त्या भावासाठी जाळी पुन्हा इतकी जाड झाली असती की मावशींनी तिला हात लावला नसता. गंज न धरणारं, आतून गोलाई दिलेलं, आम्लात बुडवून काढलेलं महागडं गटार, आणि त्याचं झाकण वर्षानुवर्षं बंद.

भावाने दरपत्रकाच्या समासात पेनाने लिहिलं: जाळीचं वजन? इंजिनिअरने सगळे आकडे तोंडपाठ सांगितले होते. हा त्याला फोन करून विचारावा लागला. मीटरची जाळी अर्ध्या अर्ध्या मीटरच्या तुकड्यांत मिळते का, असंही भावाने विचारलं. मिळते, थोडी महाग. मालकांनी कपाळाला आठ्या घातल्या, मग म्हणाले, "पनीरलाच. बाकीकडे नाही." तेवढ्यावर भाऊ खूश झाला. मला वाटतं, मी असते तर आणखी भांडले असते.

नमुन्यात तशी अर्ध्या मीटरची एक जाळी होती. भावाने मावशींना ऑफिसात बोलवायला सांगितलं. त्या दाराशी चप्पल काढून आल्या, मॅनेजर उगाच कागद चाळत राहिले. मावशींनी जाळी एका हाताने उचलली, उलटी केली, खालच्या कडेवरून बोट फिरवलं.

"ह्ये जमतंय," त्या म्हणाल्या. मग जाळी हातातच धरून मालकांकडे बघितलं. "पर काढल्यावर ठिवायची कुठं, साहेब? खाली ठिवली तर तिलाच घान लागती. आनि ट्रेच्या सिंकमदी धुवाय द्येत न्हाईत."

टेबलावर नव्या खोलीचा नकाशा पसरलेला होता. चौघांनी त्यावर मान घातली. हात धुवायला बेसिन होतं, ट्रे धुवायला हौद होता, बुटांसाठी पाण्याचा खड्डा होता. जाळी धुवायला आणि टांगायला जागा नव्हती. इंजिनिअर म्हणाला, गटाराच्या टोकाशी भिंतीला एक उथळ हौद आणि चार हूक पुरतील. गवंडीमामांना निरोप गेला की त्या कोपऱ्यातला कोबा आज घालू नका. मालकांनी आर्किटेक्टला फोन लावला.