निजेला धोंडा पुरतो का?

'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण आपल्या कानांवरून लहानपणापासून जाते. पोटात भूक असली की कोंडाही गोड लागतो आणि डोळ्यांत झोप असली की उशाला दगडही चालतो, असा तिचा साधा अर्थ. पण या म्हणीच्या आधाराने आपण झोपेला फार स्वस्त करून टाकले आहे. जेवणाची वेळ टळली तर घरात चारजण 'जेवलास का?' म्हणून विचारतात. झोपेची वेळ टळली तर कुणी विचारत नाही. उलट, उन्हे वर आल्यावरही जो अंथरुणात दिसतो त्याला 'सूर्यवंशी' म्हणून हिणवले जाते. मग तो रात्रपाळी करून पहाटे घरी आलेला का असेना!

आपल्या भंडारा जिल्ह्यापुरते पाहिले तरी रात्री जागणाऱ्यांची संख्या थोडी नाही. वरठीच्या पोलाद कारखान्यातली भट्टी रात्र झाली म्हणून विझवता येत नाही. दवाखान्यातली परिचारिका, रेल्वेचा कर्मचारी, नागपूर-रायपूर महामार्गावरचा ट्रकचालक यांची रात्र कामाचीच. उन्हाळी धान घेणाऱ्या शेतकऱ्याला कृषिपंपाची वीज वर्षानुवर्षे पाळीपाळीने मिळत आली. पाळी रात्रीची असली की मोटर सुरू करून बांधीत पाणी फिरवायला अंधारात धुऱ्यावरून जायचे. पीक उभे असताना रानडुकरांपासून राखण म्हणून जागलीला जाणे आलेच. दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. पडदा उघडतो रात्री आणि माणसे घरी परततात तांबडे फुटता फुटता. आणि जिथे यांपैकी काहीच नाही, तिथे हातातला मोबाईल आहे.

रात्र गेली तर दिवसा झोपून भरून काढू, असे आपण समजतो. शरीराचा हिशेब मात्र इतका सोपा नाही. याचा एक विलक्षण पुरावा भंडाऱ्याला चांगल्या परिचयाच्या आजारात दडलेला आहे. भंडारा हा हत्तीरोगग्रस्त जिल्हा. या रोगासाठी रक्ताचे नमुने घेणारे कर्मचारी रात्री आठ-साडेआठनंतर घरोघरी येतात, तेव्हा पुष्कळांना कोडे पडते की हे काम दिवसा का होत नाही? कारण असे, की या रोगाचे सूक्ष्म कृमी दिवसा मुख्यतः फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री, विशेषतः मध्यरात्रीच्या सुमारास, त्वचेजवळच्या रक्तात उतरतात. हा रोग पसरवणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. १८८१ साली लंडनमध्ये स्टीफन मॅकेन्झी या डॉक्टरांनी एका रुग्णाला दिवसा झोपवले आणि रात्री जागवले. काही दिवसांतच कृमींनीही आपली वेळ बदलली आणि ते दिवसा सापडू लागले! डोळ्यांना न दिसणारा हा जीव माणसाच्या झोपेवर आपले घड्याळ लावतो. मग आपल्या स्वतःच्या अवयवांचे काय होत असेल?

अवयवांचेही तेच होते. मेंदूत डोळ्यांच्या नसांच्या जवळच पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. उजेड-अंधार पाहून तो शरीराची वेळ ठरवतो. संध्याकाळी शरीराचे तापमान उतरू लागते, अंधारात मेलाटोनिन हे संप्रेरक पाझरते, पहाटे शरीर जागे होण्याच्या तयारीला लागते. पेशीपेशीतल्या या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रोस्बाश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. रात्रपाळीवाल्याची दिवसाची झोप तुटक आणि उथळ होते ती यामुळेच. बाहेर ऊन, उजेड आणि गलबला, आत शरीराचे घड्याळ 'उठ' म्हणत असते.

झोप म्हणजे रिकामा वेळ नव्हे. गाढ झोपेत वाढीचे संप्रेरक सर्वाधिक पाझरते. दिवसभरात शिकलेले मनात पक्के होते. १९९९ साली शिकागोत निरोगी तरुणांना सलग सहा रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता लक्षणीय घटलेली आढळली. मधुमेह घराघरांत पोचलेला असताना ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९९७ मधल्या आणखी एका प्रयोगात असे दिसले, की सतरा तास सलग जागलेल्या माणसाचे हात आणि लक्ष थोडी दारू घेतलेल्या माणसासारखे चुकू लागतात. महामार्गावर पहाटेच्या वेळी स्टिअरिंगवर बसलेल्याला, तसेच अंधारात धुऱ्यावर पाऊल टाकणाऱ्याला याची किंमत जिवाने मोजावी लागू शकते.

चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ म्हटले आहे. निद्रेला तिथे अन्नाच्या पंक्तीत बसवले, हे विशेष. दिवसा झोपणे एरवी वर्ज्य सांगताना त्याच ग्रंथाने ग्रीष्माची सवलत ठेवली, आणि रात्री जागलेल्यांना, म्हाताऱ्यांना, लहान मुलांनाही मोकळीक दिली. मे महिन्यातली भंडाऱ्याची दुपार ज्याने सोसली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

मग करायचे काय? मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी; शाळकरी मुलांना नऊ ते बारा आणि दहावी-बारावीच्या वयाला आठ ते दहा. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला जागवण्यापेक्षा वेळेवर झोपवावे. उठण्याची वेळ रोज शक्यतो एकच असावी. चहा दुपारनंतर कमी करावा, मोबाईल उशापासून दूर ठेवावा. मच्छरदाणी लावावी, कारण तिने झोपही राखली जाते आणि हत्तीरोगाचा डासही बाहेर राहतो. घोरणे म्हणजे गाढ झोप, हा समज सोडावा. घोरता घोरता श्वास अडकत असेल आणि दिवसा डुलक्या येत असतील, तर डॉक्टरांना दाखवावे. आठवड्यातून तीन रात्री झोप येत नाही आणि असे तीन महिने चालले आहे, तरीही तेच. दुकानातून आपल्या मनाने झोपेची गोळी आणू नये.

आणि घरातली बाई? रोवणीच्या दिवसांत सर्वांच्या आधी उठणारी आणि सर्वांच्या नंतर आडवी होणारी तीच असते. तिच्या झोपेचा हिशेब कुणीच ठेवत नाही. सकाळचे पाणी भरणे, रात्रीची भांडी यांतले एखादे काम दुसऱ्या कुणी उचलले, तर तिला तासभर झोप मिळते. याला औषध लागत नाही, पैसाही लागत नाही.

उशिरा येणाऱ्यासाठी आपण ताट झाकून ठेवतो. आधी जेवलेल्यांपैकी कुणी त्याला हात लावत नाही. रात्रभर पाणी फिरवून किंवा पाळी संपवून आलेल्या माणसाची झोपही तशीच झाकून ठेवता येते. दार लोटावे, पडदा ओढावा, टीव्हीचा आवाज कमी करावा आणि आलेल्या पाहुण्याला हळूच सांगावे, 'झोपलेत, चार वाजता या.'