गाडी ‘मिसिंग’ का करते?

सिग्नलला उभा असलेला जुना पिकअप थंडी भरल्यासारखा थरथरतो. चढ लागला की दम तुटतो, सायलेन्सरमधून मधूनच ‘फट्’ असा आवाज येतो आणि इंधनाचा खर्च वाढतो. चालकांच्या भाषेत, गाडी ‘मिसिंग’ करते. पुढचे सल्लेही ठरलेले असतात. आधी प्लग बदला, मग कॉइल, मग इंजेक्टर, मग एखादा सेन्सर. भाजीच्या फेऱ्यांवर घर चालवणाऱ्याचे या अंदाजपंचे उपचारात हजारो रुपये जातात आणि थरथर बऱ्याचदा तशीच राहते. ताप आला म्हणून दुकानातली प्रत्येक गोळी कोणी खात नाही, मग इंजिनाच्या बाबतीतच असे का?

जागेवर चालू असलेले चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर त्यात सेकंदाला साधारण २७ वेळा इंधन पेटते. त्यातले एक जरी वारंवार चुकले तरी हाताला ते जाणवते. (इथे बोलतो आहोत ते पेट्रोल-सीएनजी गाड्यांबद्दल. डिझेल गाडीला ठिणगीचा प्लगच नसतो, तिचे निदान वेगळे.) पेटण्यासाठी तीनच गोष्टी लागतात : वेळेवर ठिणगी, योग्य प्रमाणात हवा-इंधन आणि पुरेसा दाब. तेव्हा प्रश्न दोनच. कोणता सिलिंडर चुकतो आणि त्याला या तिन्हींपैकी काय मिळत नाही?

पहिल्याचे उत्तर स्कॅनर देतो. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिला सिलिंडर, ‘पी ०३०२’ म्हणजे दुसरा. ‘पी ०३००’ आला तर दोष एका जागी नाही. अशा वेळी हवेची गळती, इंधनाचा कमी दाब यांसारख्या सगळ्या सिलिंडरांना लागू होणाऱ्या कारणांकडे वळावे. स्कॅनर नसला तर मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरची पिन क्षणभर काढून पाहतो. चांगल्या सिलिंडरची पिन निघाली की इंजिन आणखी लंगडते. ज्याची काढूनही आवाज बदलत नाही, तो सिलिंडर आधीच बंद आहे. प्लगची वायर मात्र चालू इंजिनात ओढू नये. तिच्यात हजारो व्होल्टचा दाब असतो.

आता अदलाबदल. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावा. दोष तिसऱ्यावर गेला तर कॉइल खराब. जागचा हलला नाही तर कॉइल वाचली, पैसेही वाचले. पहिला आणि चौथा एकदम चुकत असतील, तर त्या दोघांना मिळून एकच कॉइल आहे का ते पाहावे. काढलेला प्लगही बोलतो. फिकट तपकिरी टोक निरोगी, काळी काजळी म्हणजे इंधन जास्त, पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगी नाही, तेलकट म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील झिजलेले.

सीएनजीच्या गाडीत एक चाचणी तर फुकट मिळते आणि ती सर्वात कमी वापरली जाते. इंधनाचे बटण बदलून पाहा. गॅसवर मिसिंग आणि पेट्रोलवर ठीक, म्हणजे गॅस किट खराब, असे लगेच ठरवले जाते. तसे असेलच असे नाही. सीएनजीतला मिथेन पेट्रोलपेक्षा पेटायला अवघड, त्याला ठिणगी जोरकस लागते. म्हणून झिजलेला प्लग किंवा दमलेली कॉइल आधी गॅसवरच उघडी पडते. आधी प्लगचे अंतर, कॉइल आणि वायरी तपासा, मग गॅसचा फिल्टर आणि रेग्युलेटर. उलट गॅसवर ठीक आणि पेट्रोलवर मिसिंग असेल, तर पेट्रोलचा पंप किंवा इंजेक्टर बघा.

दोन्हींवर चुकत असेल आणि ठिणगी चांगली असेल, तर दाब मोजावा. वर्षानुवर्षे गॅसवर धावलेल्या इंजिनात व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात, टॅपेटमधली फट कमी होते आणि तापलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. कधी टॅपेट सेटिंगनेच काम भागते. एका सिलिंडरचा दाब कमी निघाला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

हे टाळत गाडी रेटू नये. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आणि त्याची आतली जाळी वितळू शकते. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर इशारा हाच असतो. वेग कमी करा, भार उतरवा. न जळलेला हायड्रोकार्बन धुरातून बाहेर पडतो. पीयूसीत तोच मोजला जातो.

चाचण्या करताना शटर उघडे हवे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोके दुखू लागले, मळमळले तर आधी इंजिन बंद करून मोकळ्या हवेत यावे.

दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी माल भरून चढावर न्यावी, एकदा गॅसवर आणि एकदा पेट्रोलवर. रिकाम्या गाडीत, गॅरेजच्या दारात, भाराखालचे मिसिंग सापडत नाही.